मास्तरांचा डावा हात

मास्तरांना स्वतःच्या डाव्या हाताचं कधी कौतुक वाटलं नव्हतं. कापड धरायचं, घडी दाबायची, संपलं त्याचं काम. कात्री उजव्या हातात, म्हणून सगळा मान उजव्याला. पण मूत्रपिंडांनी संप पुकारला, डायलिसिसच्या मशीनवर रक्त धुऊन घ्यायची वेळ आली, आणि डॉक्टरांनी नेमका डावा हात मागितला.

"मशीनला रक्त लागतं भरपूर, तेही झपाट्यानं," डॉक्टर म्हणाले. "तो जोर धमनीत असतो, पण धमनी खोल असते. शीर वरच असते, सुई टोचायला सोपी; पण तिच्यातून रक्त सावकाश जातं आणि तिची भिंत पातळ. म्हणून मनगटाजवळ दोघींना जोडून टाकू. धमनीचा जोर आला की शीर फुगते, जाड होते. मग ती सुया सोसते."

हे मास्तरांच्या डोक्यात फिट्ट बसलं. "धमनीला आतून कॅनव्हास, आणि शीर म्हणजे नुसती मलमल," ते बायकोला सांगू लागले. "आणि शिरेत झडपा असतात बरं का, रक्त माघारी फिरू नये म्हणून! काय शिवलंय बघ!" बिचारी गिऱ्हाइकं माप द्यायला यायची आणि शरीरशास्त्र शिकून जायची.

ऑपरेशन झालं, काही आठवड्यांत शीर तयार झाली. जोडावर बोट ठेवलं की आत गुरगुर लागायची, मांडीवर मांजर बसल्यासारखी. गुरगुर आहे तोवर रक्त वाहतंय. थांबली तर तडक निघून यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या हातात घड्याळ नको, ओझं नको, त्यावर डोकं ठेवून झोपणं नको. आणि हा जोड गेलाच, तर डाव्या दंडातल्या शिरा सलाइनच्या सुयांनी आधीच खराब झालेल्या. पुढचा जोड उजव्या हातात, म्हणजे कात्री बंद. बाकी सगळं मास्तर विसरले असते, पण ते शेवटचं वाक्य काही त्यांच्या मनातून जाईना.

एका सकाळी कोटाची ट्रायल होती. गिऱ्हाईक आरशासमोर उभं, आणि मास्तर त्याच्याभोवती टाचण्या लावत फिरताहेत. ते गेल्यावर कापायला घेतलं, त्यात दुपार झाली. जेवताना सवयीनं मनगटाला बोट लावलं, तर आत सामसूम.

 मास्तरांनी चोळून पाहिलं, मूठ उघडमीट केली. काही नाही. बायको दोन हातांच्या अंतरावर बसून बटणं लावत होती, पण तिला सांगायचं म्हणजे दवाखाना, आणि दवाखाना म्हणजे उजवा हात. येईल आपोआप, असं म्हणत ते काजं करत बसले.

संध्याकाळी तिनं विचारलं, "हात बरा आहे ना?"

"मस्त! गुरगुरतोय की."

इतक्या गोड आवाजात मास्तर कधी बोलत नसत. तिनं सुई ठेवली आणि सरळ मनगट धरलं.

"कधीपासून?"

"दुपारपासून."

"दुपारपासून! आणि मला थापा मारताय?" तिनं दुकानाचं शटर खाली ओढलं आणि रिक्षात दवाखान्यापर्यंत त्यांची बिनपाण्यानं केली.

डॉक्टरांनी तपासलं. जोडाजवळ रक्ताची गाठ बसली होती. मनगटावर एका पट्टीचा लाल वळ अजून दिसत होता. "हे काय बांधलं होतंत?"

मास्तर गोंधळले. मग म्हणाले, "ती टाचण्यांची उशी हो. इलॅस्टिकची असते, मनगटावर. नवीन होती, जरा घट्ट."

"अहो, हातात काही घालू नका म्हटलं होतं ना!"

"घड्याळ काढलंच की! पण उशी काही घातली म्हणतात का? ट्रायलला ती हातावर असतेच."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "बारीक नळीनं गाठ काढून बघतो. खात्री देत नाही. नाहीच निघाली तर..."

मास्तरांनी उजवा हात पाठीमागे नेला. आणि बायकोचा बांध फुटला. "त्या कात्रीपायी गप्प बसलात ना? अहो, मी शिकेन कापायला! वाकडं कापीन, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाईन. पण तुम्हीच नसलात तर मी त्या दुकानाचं करू काय?"

आयुष्यभर कात्रीला कुणाला बोट लावू न दिलेला तो माणूस. त्यानं उजवा हात टेबलावर ठेवला. "डॉक्टर, गाठ नाही निघाली तर हा घ्या. मला परत विचारू नका, विचारलंत तर मी नाही म्हणेन."

बराच वेळ लागला, पण गाठ निघाली. डॉक्टरांनी मास्तरांचीच बोटं जोडावर ठेवून दाखवली. गुरगुर होती, क्षीण, पण होती. बायकोला आत बोलावलं. तिनं हात लावला, डोळे पुसले आणि नाक ओढत म्हणाली, "उजवा हात वाचला म्हणून सुटलात असं समजू नका. उद्यापासून मला कापायला शिकवायचं."

मास्तर म्हणाले, "बरं."