अप्पांचा डावा तळहात

लकव्यानं अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, डावा हात मुठीसारखा आवळून बसला. हात पुन्हा चालता करणारे डॉक्टर हैदराबादेत आहेत म्हणून आमच्या गावी, भालकीत, ज्यानं त्यानं मला एकेका मोठ्या दवाखान्याचं नाव सांगितलं. मी नावं ऐकून घेतली आणि ठरवलं, जो अप्पांशी बोलेल तोच आपला डॉक्टर.

हैदराबादेत दोन-तीन ठिकाणी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, अप्पांकडे पाहिलंच नाही, आणि हातात रबरी चेंडू कोंबला. ‘दाबा.’ मी अप्पांना घेऊन सरळ बाहेर पडले. एवढ्या लांबून येऊन चेंडू कशाला? तो भालकीतही मिळतो.

पुढच्या ठिकाणी फिजिओथेरपिस्ट बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून अप्पांनाच विचारलं, “या हातानं रोज काय करायचात?”

अप्पांच्या आधी अव्वा, माझी आई, बोलली. अप्पा रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायचे. आता ते पडेल म्हणून ती स्वतःच्या तळहातावर धरायची आणि अप्पा नुसते बघायचे.

“उद्याची पूजा इथंच करा,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अप्पांचं मनगट चोळून सैल केलं. बोटं हळूहळू उघडली, पुरती नाही, पण लिंग बसेल एवढी. अप्पांनी लिंग तळहातावर ठेवलं, तसं अव्वाला राहवलं नाही. तिनं खालून आपला हात लावला.

“कामून धरायलीस?” म्हणत अप्पांनी उजव्या हातानं तिचा हात बाजूला सारला.