आगळात भिजलेलं सर्किट

हातातला कप आधी खाली ठेवा. परवा माझी जी शोभा झाली ती ऐकताना भल्याभल्यांना ठसका लागलाय!

तर आमचं नागावला होमस्टे. लोक येतात समुद्रासाठी, जेवतात सासूबाईंच्या हातचं, आणि मी? मी सर्किट बोर्ड बनवते! टाकी भरली की शिट्टी मारणारं एक बोर्ड मी तयार केलंय. डिझाईन इंटरनेटवर सगळ्यांना खुलं. घ्या, बदला, बनवा! सासूबाईंच्या मते हा रिकामा उद्योग. "टाकी भरली का पाणी खाली पडताना दिसतंच की गं," म्हणतात.

म्हणून हट्टाने कार्यशाळा ठेवली. म्हटलं, एकदा तरी माणसं मासळीसाठी नाही, माझ्यासाठी मांडव्याला बोटीतून उतरली पाहिजेत! आणि उतरली हो! त्यात गोखलेकाका नावाचे एक निवृत्त इंजिनीयर. प्रश्न विचारून जीव नकोसा करणारे.

पडवीत टेबल मांडलं. "या बोर्डावर तांब्याचा थर आहे," मी ऐटीत सुरू केलं. "मार्करने सर्किट काढायचं आणि या द्रावणात बुडवायचं. उघडं तांबं विरघळतं, शाईखालचं राहतं. झालं सर्किट!"

द्रावण म्हणजे फेरिक क्लोराईड, काळपट तांबडं. त्याचा डबा गळत होता म्हणून मी ते सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून मागच्या ओट्यावर ठेवलेलं. लेबल? लेबल कशाला? मला माहीत होतं ना!

बोर्ड बुडवला. पंधरा मिनिटं झाली, तांबं जागच्या जागी.

"संयम हवा," मी म्हटलं.

अर्धा तास झाला. तांबं जाईना, उलट चमकायला लागलं! इतकं, की गोखलेकाकांनी त्यात बघून भांग सारखा केला. मग ट्रेवर वाकले.

"वहिनी, याला आंबट वास का येतोय?"

"रसायन आहे काका, येणारच."

"अहो, हा कोकमाचा वास आहे!"

अरे देवा! सासूबाईंची कोकमाच्या आगळाची बाटली! तीही तशीच, तीही मागच्या ओट्यावर! मी आगळ उचललं, मग माझं रसायन कुठाय? आणि आज जेवणात सोलकढी!

मी सुसाट स्वयंपाकघरात. मागे अख्खी कार्यशाळा. बघते तर सासरे ग्लास तोंडाला लावतायत. मी झडपच घातली! सोलकढी त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर.

"आप्पा, थुंका! विष आहे!"

"विष?" सासूबाईंनी कंबरेवर हात ठेवले. "माझ्या सोलकढीला विष म्हणतेस, तेपण पाहुण्यांसमोर?"

"आई, यात आगळ कुठल्या बाटलीतलं घातलंत?"

"आगळ कशाला? तुझे पाहुणे म्हणून मुद्दाम आमसुलं भिजवली."

हुश्श! मी तिथेच जमिनीवर बसले. आप्पा सदरा झटकत होते.

"मग मागच्या बाटलीचं काय केलंत?"

"ती व्हय? जुनं आगळ दिसलं, म्हटलं तांबं लख्ख होईल. टबात ओतून माहेरची कळशी भिजत ठेवलीय."

"हात घातलात त्यात?"

"न्हाय गं, काठीने बुडवली."

पुन्हा पळापळ! हातमोजे चढवून कळशी बाहेर काढली, भरपूर पाण्याने धुतली. आणि सगळे तिच्यावर वाकले. गावजेवणात भांडी बदलू नयेत म्हणून सासूबाईंनी तिच्यावर नेलपॉलिशने स्वतःचं नाव घातलेलं. आजूबाजूचं तांबं झिजून मंद गुलाबी झालेलं आणि मधोमध अक्षरं उठून आलेली: सुलोचना. एक उकार तुटला नव्हता, एक काना सरकला नव्हता! इतक्या स्वच्छ कडा मला आजवर एका बोर्डावर जमलेल्या नाहीत हो!

मी शिव्या खायला मान खाली घालून उभी. सासूबाई अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. "बरं दिसतंय की," म्हणाल्या.

"बरं? अहो, याला म्हणतात काम!" गोखलेकाका ओरडले. झालं! माझी कार्यशाळा माझ्याकडे पाठ करून त्यांच्याभोवती गोळा. नेलपॉलिश किती जाड लावलं? सुकायला किती वेळ दिला? सासूबाईही अशा सांगतायत, जसं काही जन्मभर हेच केलंय!

येत्या रविवारी दुसरी तुकडी येतेय. शिकवणार सासूबाई. माझ्याकडे सोलकढी वाटायचं काम आलंय, आणि प्रत्येक ग्लासातला पहिला घोट मी सगळ्यांसमोर पिऊन दाखवायचा, अशी आप्पांची अट आहे!