कय्युमच्या फ्रिजचं रबर

दारव्ह्यात फ्रिज बिघडला की कय्युमकडं द्यायचा आणि पुढचे पंधरा दिवस फ्रिजचं नाव काढायचं नाही. कापसानं दगा दिलेली ती वर्षं. नवा फ्रिज कोण घेणार? जुनेच फिरून फिरून त्याच्या दुकानात यायचे. दुरुस्त झालेला फ्रिज तो आठ-पंधरा दिवस चालवून पाहायचा, तोही भरलेला. रिकाम्या फ्रिजवर त्याचा विश्वास नव्हता. म्हणून गल्लीतलं दूध, साय, लोणी त्याच्या दुकानात. आमचंही. थंडीत जंतू मरतात, हे तो अशा थाटात सांगायचा की डॉक्टरानंही मान डोलवावी.

समोरच्या रुक्माबाईनं तिथं पंधरा दिवसांचं लोणी साठवलं होतं. वय झालेलं, त्यात साखरेचा आजार. ते लोणी खाल्ल्यावर काही दिवसांनी ती तापानं फणफणली, मान आखडली, माणसं ओळखेना. नागपूरला नेलं. पाठीतून काढलेल्या पाण्यात जंतू सापडला, खाण्यातून शिरून मेंदूपर्यंत पोचणारा. बाई वाचली, पण डावा कान गेला.

या जंतूच्या जनुकांचा अभ्यास करणारी बबिता, मूळची फुलसावंगीकडच्या तांड्यावरची, नमुने घ्यायला आली. हा जंतू थंडीतही वाढतो, असं तिनं सांगितलं तेव्हा कय्युमचा चेहरा उतरला. लोणी ठेवलेला फ्रिज मालकानं नेलाच नव्हता, अजून दुकानातच होता. त्यानंच दार उघडून दिलं. तिनं दाराच्या रबराच्या घडीतला काळा मळ पुसून नेला.

तीन महिन्यांनी कय्युमला तिचा फोन आला तेव्हा मी दुकानातच बसलो होतो. रबरातल्या जंतूची जनुकं रुक्माबाईच्या जंतूशी जुळत होती. अहवालात कुणाचंच नाव येणार नव्हतं. कय्युमनं गप्प बसावं असं मला वाटत होतं, हे कबूल करतो.

तो रुक्माबाईच्या ओट्यावर जाऊन हळूच बोलला, नेमका डाव्या बाजूला बसून. तिला काही ऐकू आलं नाही. मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणावं लागलं, "मावशी, तुमचा आजार माह्या फ्रिजातून आला."

रुक्माबाईनं कपाळावर हात मारला.

"आता तुह्याकडं फ्रिज कोण आणीन, येड्या?"

दुसऱ्या दिवशी दोन गिऱ्हाइकांनी आपापले फ्रिज उचलून नेले. मला फार वाईट वाटलं. दुपारी रुक्माबाई गरम पाण्याची बादली घेऊन आली आणि उरलेल्या फ्रिजचं रबर घासायला बसली.