ताप न आलेलं बाळ

बहिणीचं बाळ अमरावतीच्या दवाखान्यात जन्मलं आणि सुटी झाल्यावर आमच्या घरी, वलगावला आलं. मी अकोल्याहून त्याला बघायला गेलो तेव्हा दसरा तोंडावर होता. आमचं घर फुलांच्या शेतीवर चालतं. झेंडू तोडणीला आला होता, अंगणात क्रेट रचलेले होते. आत बहीण बाजेवर, खाली शेगडी. बाळाला न्हाऊ घालायचं काम आत्याकडे होतं. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेलेली.

"याचा आवाजच नाही," मी म्हणालो.

"मामावर नाही गेला, बरं झालं," आत्या हसली. "तू तं आख्खी गल्ली जागी ठेवत होता. हा शहाणा हाय."

या शहाणपणाचं घरात सगळ्यांना कौतुक होतं. तोडणीला माणसं कमी पडत होती. मूल रडकं असतं तर आमच्या आईला वावर सोडून घरी थांबावं लागलं असतं.

दुपारी बहीण म्हणाली, "आत्या, हा सकाळपासून पिऊन नाही राहिला."

"पोट भरलं असन. कालच तं घुटी देल्ली."

"पाय गार लागतात वो याचे."

आत्यानं निखारे फुलवले, तळवे तापवून बाळाचे पाय शेकले. पाय ऊन झाले. वावरातून आलेल्या आईनं कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. ती भाकरी खाऊन परत गेली.

दिवस कलता कलता बाळ कण्हू लागलं. श्वासागणिक छातीखाली खळगा पडत होता. फुलांची गाडी अमरावतीला निघतच होती. क्रेट उतरवून आम्ही तिच्यात बसलो.

नवजात कक्षातल्या डॉक्टरीणबाईंनी दुपटं सोडलं. नाळेभोवतीची कातडी लाल, सुजलेली होती.

"नाळेला काय लावलंत?"

"तेल-हयद," आत्या म्हणाली. मग कुणी विचारलं नसताना, "सगळ्यायलेच लावतो मी."

डॉक्टर रागावल्या नाहीत. एवढ्या लहान जिवाला जंतुसंसर्ग झाला की ताप येतोच असं नाही, त्या म्हणाल्या. ते गार पडतं, दूध सोडतं, झोपून राहतं. असं दिसलं की लगेच आणायचं असतं.

मी अकोल्याला वर्तमानपत्रात बातम्या संपादित करतो; या विषयावरचा मजकूर माझ्या टेबलावरून अनेकदा गेला आहे. कधी आफ्रिकेतला, कधी मेळघाटातला. नाळ कोरडी आणि स्वच्छ ठेवणं, आईचं दूध, ऊब, वेळेवर औषध. यातले बहुतेक मृत्यू टळू शकतात, असं वाक्य त्यात असतं. पानावर जागा कमी पडली की ते वाक्य कापलं जातं, कारण ते सगळ्यांना माहीत आहे असं धरलेलं असतं.

बाळ दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं. त्याचं नाव अजून ठेवायचं होतं, म्हणून कागदांवर आईच्या नावापुढे 'चे बाळ' एवढंच होतं.

बहिणीची सासू पातूरहून पोचली तेव्हा कक्षाबाहेरच्या बाकावर बहीण आणि आत्या शेजारी बसल्या होत्या. मेहुणे आत, बाळ ताब्यात घ्यायला गेले होते. सासूला कुणीतरी हळदीचं सांगितलं होतं.

"धडधाकट लेकरू होतं माह्या पोराचं," ती म्हणाली. "हयद लावाचं कोनं सांगतलं?"

आत्या उठायला लागली. बहिणीनं तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं.

"मीनं," ती म्हणाली. "आत्या नाही म्हणत होती. मीनंच लावाले लावली."

ते खरं नव्हतं. सासू तिच्याकडे पाहत राहिली आणि मग भिंतीकडे तोंड करून रडू लागली. बहिणीचा ब्लाउज दुधानं भिजला होता. तिनं आत्याचं मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हातानं पदर पुढे ओढून घेतला.