मामा ज्याला भीत होता

मामा गेल्याचं कळलं तेव्हा बाबा चपला घालून त्याचीच वाट पाहत बसले होते. राजुऱ्यातल्या आमच्या घरी तो रोज सकाळी यायचा. निरोप सांगून मामाचा शेजारी निघून गेला, तरी बाबांनी चपला काढल्या नाहीत...

मामा डॉक्टर. शिष्यवृत्तीवर सोव्हिएत रशियात शिकायला गेला आणि तो देश मोडला तेव्हा तिथेच होता. त्याने पाठवलेल्या पुस्तिकांवर मी वाढले. त्यांतल्या हसऱ्या कामगारांवर माझा पूर्ण विश्वास होता. परतला तो गप्प होऊन. कारखाने विकले गेले, पगार थांबले, दवाखान्यातली औषधं संपली आणि धडधाकट पुरुष चाळिशी-पन्नाशीत दारूने, हृदयाने मरू लागले, हे तो तुकड्यातुकड्यांनी सांगे. मी भांडायचे. "तू मालकांची भाषा बोलून राह्यला, मामा."

"मी कोणाचीच भाषा नाई बोलून राह्यलो, बाई. मी मेलेले पाह्यले. सारेच काई उपाशी नोते. सकाळी उठून जायाले जागा नोती त्याइले."

मग आमची कोळसा खाण बंद करायचं ठरलं. बाबांना 'स्वेच्छानिवृत्ती' मिळाली. त्यात स्वेच्छा कोणाची होती, ते अजून कोणी सांगितलेलं नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले, दिवसाही पिऊ लागले. मामाला घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आईला तो हळूच म्हणाला, "ताई, तिथी असंच सुरू झालतं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या वेळेला तो दारात हजर. "चला भाऊजी. खाणीतून निघालेल्या लोकायचं बीपी पाहाचं हाय. मले घरं ठाऊक नाई."

"मशीन रशियाची हाय काय? मंग आकडे लालच निघतीन," बाबा कुरकुरले. पण गेले. मग रोजच गेले. पिणं सुटलं नाही, कमी झालं. मामाला सगळी घरं केव्हाच पाठ झाली होती, तरी तो रस्ता बाबांनाच विचारत राहिला.

स्वतःचं बीपी मात्र त्याने कोणाला पाहू दिलं नाही. पन्नाशीही न गाठता तो हृदयविकारानेच गेला.

आता बाबा उठत नाहीत. काल दुपारपर्यंत दाराकडे पाठ करून पडले होते. मी उंबरठ्यावर थांबून पांघरूण वरखाली होतंय का ते पाहत होते. हाक मारण्याआधी मामा दारात क्षणभर का थांबायचा, ते तेव्हा कळलं.  

"जित्ता हाओ अजून," बाबा न वळता म्हणाले. "जाय तू."

मी तिथेच उभी राहिले.