विंचूरच्या बाजारातून हजर

मी तोंडाची फटकळ आहे, हे नाशिकच्या आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. वर्गात उभी राहिले की शेवटच्या बाकावरची कुजबुजसुद्धा माझ्या कानातून सुटत नाही. म्हणूनच असेल, लॉकडाऊनच्या त्या वर्षी मला सगळ्यात जास्त छळलं ते शांततेनं. झोपायच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, त्यावर साखरेचा डबा, डब्याला टेकवलेला मोबाईल आणि त्यात नुसते काळे चौकोन. मी मानसशास्त्र शिकवते. माणसाचा चेहरा वाचायला शिका, असं पोरांना सांगायचं आणि समोर एक चेहरा दिसेल तर शपथ! विनोद केला तर हसतायत की झोपलेत, कळायला मार्ग नाही. "समजलं का रे?" म्हटलं की चिडीचूप. मध्येच आमचे हे टॉवेल गुंडाळून कपाटाशी यायचे आणि मी बोलता बोलता हातानंच त्यांना हाकलायचे. शेजारच्यांचा मिक्सर तर माझा तास सुरू व्हायची वाटच बघत असायचा.

तरी आज ते दिवस आठवले की हुरहूर लागते. कोणी म्हणेल, वेडी आहे का ही बाई? पण लागते खरी, आणि ती एका आवाजामुळे.

तिसऱ्या वर्षाला एक मुलगी होती, विंचूरजवळच्या खेड्यातली. कॉलेज भरायचं तेव्हा पहाटेची एसटी पकडून यायची आणि खाली मान घालून लिहीत बसायची. ऑनलाइन तास सुरू झाले आणि तिचा पत्ताच नाही. माझं डोकं फिरलं. एका संध्याकाळी फोन लावला आणि तिनं 'हॅलो' म्हणताच झाडायला सुरुवात केली. "घरात बसून तास करायचा, तेवढंही होईना का गं तुला?"

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, घरात एकच मोबाईल आहे. तो पप्पांबरोबर कांदा मार्केटला जातो. व्यापाऱ्यांचे फोन त्याच्यावरच येतात."

मी वरमले. ती मात्र आता बोलायचं थांबेना. घरात तिच्या लग्नाचं घाटत होतं. मोजक्या माणसांत उरकता येतं, मांडव नको, पंगती नकोत, मग आताच उरकून घेऊ, असा सगळ्यांचा सूर. त्या मोसमात आमच्या किती पोरी अशा उरकल्या गेल्या! "आत्या म्हणते, कॉलेज बंद म्हणजे शिक्षण संपलंच. पप्पांनाही तसंच वाटायला लागलंय. मॅडम, कॉलेज चालू आहे हे घरात कोणाला खरंच वाटत नाही. दिसतच नाही ना कुणाला."

इतकी हुशार पोर, बी.ए. अगदी हाताशी आलेलं. मी म्हटलं, "असं कर, पप्पांनाच तास उघडायला शिकव. त्यांना दिसू दे, ऐकू दे." सुचलं ते बोलून गेले झालं.

पुढे एक-दोन दिवसांतच, दुपारी बाराच्या तासाला हजेरी घेत होते. तिचं नाव घेतलं आणि मोबाईलमधून रांगडा आवाज आला, "हजर!" मागे लिलावाचा गलका आणि ट्रॅक्टरची धडधड.

"कोण बोलतंय?" मी ओरडले.

"मी तिचा बाप, म्याडम. ती घरी हाय, मोबाईल माझ्यासंगं हाय. मी ऐकतो आन् घरी गेल्यावर सांगतो तिला. चालू द्या तुमचं."

काळ्या चौकोनांतून एकदम हशा फुटला. कितीतरी दिवसांनी माझा वर्ग हसला होता. मलाही हसू आवरेना. त्यांचा आवाज बंद करणं माझ्या हातात होतं, पण केला नाही. त्या दिवशी विस्मरण शिकवत होते. म्हटलं, "नकोशा गोष्टी माणूस लवकर विसरतो." तर ट्रॉलीत कांद्यावर बसलेला (हे मला नंतर तिनंच सांगितलं) तो माणूस म्हणाला, "हां... बरोबर." अहो, हुंकार! कुणीतरी हुंकार दिला! मला इतकं बरं वाटलं की उरलेला तास मी त्या एका हुंकाराच्या जोरावर रेटला.

मग ते रोजचंच झालं. मी प्रश्न विचारला आणि पोरं गप्प बसली की तेच खेकसायचे, "ए पोरांनो, म्याडम काय विचारतात? बोला की!" आणि पोरं बोलायची! संध्याकाळी मी मुलीला फोनवर राहिलेलं समजावून सांगायचे, तेव्हा ती घरची गंमत सांगायची. "मॅडम, पप्पा जेवताना तास घेतात. काल म्हणाले, राग आला की अंगात काय काय होतं ते म्याडमनी शिकवलं. आई म्हणाली, ते मला चांगलं माहितीये, भाकरी घ्या." आता वर्ग पुन्हा भरतात, समोर पोरं बसतात, माना डोलावतात. पण तसा मनापासून हुंकार काही मिळत नाही बाई.

लग्नाचं मात्र थांबलं नव्हतं. एका संध्याकाळी ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "उद्या बघायला येणार आहेत. पप्पा काहीच बोलत नाहीत." मला वाटलं, आत्ताच्या आत्ता त्या माणसाला खडसवावं. ह्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. "बाप आहे तो तिचा. तू कोण सांगणार?" मी ह्यांच्यावर चिडले, स्वयंपाकघरात भांडी आदळली, पण फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना तिच्या नावापाशी आले आणि ते जरा दबकतच घेतलं.

"हजर, मॅडम."

तिचा आवाज! तिचा स्वतःचा. मागे बाजार नव्हता, कपबश्यांचा आवाज होता. तेवढ्यात कॅमेरा सुरू झाला. आधी पंखा दिसला, मग हनुवटीवर मास्क ओढून प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली माणसं, मग साडी नेसलेली ती. आणि एकदम जवळ एक रापलेला चेहरा. तो मी पहिल्यांदाच पाहत होते. "म्याडम, आज मार्केटला गेलो नाय. पाहुणे आलेत. त्यांना म्हनलं, आधी पोरीचं कॉलेज होऊ द्या, मंग बोलू. तुम्ही शिकवा."

मी काय शिकवलं, देव जाणे. एक प्रश्न विचारला, तर त्या पोरीनं न अडखळता सगळं उत्तर सांगितलं. पाहुणे माझ्याकडे बघत होते आणि बाप पाहुण्यांकडे.

तास संपला. सगळे गेले, तो एक चौकोन तेवढा राहिला. मला उठवेना. बऱ्याच वेळानं तिच्या पप्पांचा चेहरा परत जवळ आला.

"गेले पाहुणे."

"काय म्हणाले, दादा?"

"मानसं बरी होती. म्हनले, शिक्षण कधी संपतंय सांगा, तवर थांबू." त्यांनी मागे वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. "मी सांगून बसलो, अजून लय वर्षं हाय म्हनून. म्याडम, ह्याच्याफुडं बी असतं ना शिक्षण?"

"असतं दादा, लय असतं," मी म्हणाले, आणि कॅमेरा चालू आहे याचं भान न राहून तिथंच रडायला लागले.