ह्यांच्या चालीचं गाव

माझ्या नवऱ्याची छाती खराब आहे. सुरतेच्या पॉवरलूममध्ये तीस वर्षं काढली, त्यातली वीस बिडी ओढत. मग छाती कसली धड राहते! पुढे बिडी सुटली, कारखानाही सुटला, पण छाती काही सुधारली नाही. चार पावलं चालले की हे थांबतात. कुणी बघतंय असं वाटलं की वाकून चप्पल नीट केल्यासारखं करतात. मला सगळं माहीत असतं, आणि तरी मी भर रस्त्यात ओरडते, "चला की लवकर, वरातीत आलाय का?" माझा स्वभावच तसा आहे. मला हळू चालता येत नाही आणि गप्प बसता येत नाही.

तर असा हा माणूस एक दिवस म्हणाला, मी पोराकडे जाणार.

पोरगा कुठे? तर दक्षिण अमेरिकेत, इक्वेडोर देशात, कितो नावाच्या गावात. आपला सापुतारा तीनदा एकावर एक ठेवला तर कुठे त्या गावाची उंची होईल. पोराने टेक्सटाइलचा डिप्लोमा केला आणि माग बसवून देणाऱ्या कंपनीत लागला. कंपनीने त्याला तिकडे पाठवलं आणि तिथल्या गिरणीने ठेवूनच घेतलं. चार वर्षं झाली, आम्ही त्याला मोबाइलच्या काचेतच बघत होतो. तोच म्हणाला, "मम्मी, पप्पांना इतक्या वर नका आणू. खाली समुद्रकाठी मोठं शहर आहे. मी तिथे येतो, आठ दिवस तिथेच राहू." मी म्हटलं, सोन्यासारखी गोष्ट बोललास.

पण हे ऐकतील तर ना! घरात आम्ही अहिराणी बोलतो. हे म्हणाले, "समुद्र तर डुमसले बी शे. मी मन्हा आंडोरनं घर देखाले जाई ऱ्हायनू." समुद्र तर सुरतेजवळ डुमसलाही आहे, मी निघालोय ते माझ्या पोराचं घर बघायला. झालं. त्यापुढे त्यांनी तोंडच मिटलं, आणि ह्यांनी तोंड मिटलं की ब्रह्मदेव आला तरी उघडत नाही.

मग आम्ही त्यांना उधन्याला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फुंकायला लावलं, फोटो काढला, बराच वेळ विचार केला आणि जा म्हणाले, पण एक अट घातली. कोरोनात घेतलेलं ते बोटाला लावायचं यंत्र घरात होतंच. ते सोबत ठेवायचं. घरी ह्यांचा ऑक्सिजनचा आकडा त्र्याण्णवच्या आसपास असतो. तिथे तो उतरणारच. पण पंच्याऐंशीच्या खाली गेला आणि अर्धा तास शांत बसूनही वर आला नाही, तर हट्ट करायचा नाही, मिळेल त्या विमानाने खाली समुद्रकाठी जायचं. "काका, घर परत कधी बघाल, आधी जीव," असं ते म्हणाले. ह्यांनी मान हलवली. मी आणि धाकट्या मुलीने मात्र तो आकडा पक्का डोक्यात ठेवला. पंच्याऐंशी.

धाकटी शाळेत शिकवते. सगळं तिनेच केलं, व्हिसापासून लोकरीच्या टोप्यांपर्यंत. सुरतेतल्या डिंडोलीच्या घरून रिक्षाने स्टेशन, गाडीने मुंबई, मग एक विमान युरोपात कुठेतरी. तिथवर माझं अर्धं लक्ष पिशव्यांत आणि अर्धं ह्यांच्या बोटाकडे. खरा दिवस सुरू झाला तो तिथून सकाळी निघालेल्या दुसऱ्या विमानात. तो दिवस मी जन्मात विसरणार नाही.

एक तर तो दिवस संपतच नव्हता. आम्ही सूर्याच्या मागे मागे चाललो होतो. दहा वाजले तेव्हा ऊन होतं, सुरतेत लोक रात्रीचं जेवून भांडी घासत असतील तेव्हाही आमच्या खिडकीत भर दुपारचं ऊन. मी मुलीला विचारलं, "अगं, हा मावळतो की नाही?" ती म्हणाली, "मम्मी, आपण त्याला मावळूच देत नाहीये." बाई गं! साठीला आलेली मी, त्या उन्हात हात धरून बसले. एवढं ऊन माणसाला एका दिवसात मिळू शकतं हे मला माहीत नव्हतं.

मध्ये मी सेव-ममऱ्याचं, म्हणजे शेव-कुरमुऱ्यांचं, पाकीट काढलं तर ते टम्म फुगलेलं. आता फुटतंय की मग असं. मी घाबरून मुलीच्या हातात दिलं. ती म्हणाली, विमानात हवा पातळ असते, डोंगरावर असते तशी, म्हणून आतली हवा फुगते. मी पाकिटाकडे बघितलं आणि मग ह्यांच्या छातीकडे. "म्हणजे आपण आत्ताच डोंगरावर आहोत?" "जवळजवळ," ती म्हणाली. मी यंत्र काढून ह्यांच्या बोटाला लावलं. एकोणनव्वद.

"कसं वाटतंय?" मी विचारलं. ह्यांनी बोलण्याऐवजी पंजा आडवा धरून इकडून तिकडे दोनदा हलवला. मुलीला काही कळलं नाही, पण मला कळलं. कारखान्यात मागांचा एवढा खडखडाट असतो की शेजारी उभ्या माणसाचं ऐकू येत नाही. सगळं हातांनी आणि ओठांनी बोलायचं. लग्नानंतर मीही तिथे सहा वर्षं कांड्या भरल्या, मागात घालायच्या सुताच्या, त्यामुळे मला ती भाषा येते. आडवा पंजा म्हणजे माग चालू आहे, धागा तुटलेला नाही. मग उरलेला सगळा वेळ आम्ही तसेच बोललो. पाणी हवं का, पाय दुखतात का, समोरचा कसा घोरतोय बघ. मुलगी म्हणाली, "तुम्ही दोघं लग्नाआधी तरी असे होतात का?" मी म्हटलं, लग्नाआधी मी ह्यांना बघितलं कुठे होतं!

समुद्र संपला आणि खाली हिरवं सुरू झालं. आधी वाटलं शेतं असतील. पण ना बांध, ना रस्ता, ना घर. नुसतं जंगल, तास झाला, दोन तास झाले, तरी जंगलच. त्यातून एक नदी चाललेली. तापीला आलेला पूर मी बघितलाय, धडकी भरते. ही नदी पूर नसतानाच तेवढी होती, आणि तिला बघायला काठावर एक माणूस नव्हता. मी आपोआप हात जोडले. कोणाला जोडले ते मला सांगता येणार नाही.

मग विमान उतरायला लागलं आणि ढग आले. खिडकीशी हे बसले होते. त्यांनी माझं मनगट एकदम एवढं घट्ट धरलं की मला वाटलं, झालं, आलं छातीत काहीतरी. मी यंत्र शोधायला लागले तर ते मान हलवून खिडकीकडे दाखवताहेत. ढगांच्या वर एक डोंगर उभा होता. खाली नव्हे, आमच्या बरोबरीने, खिडकीच्या उंचीला. पांढराशुभ्र, त्यावर ऊन पडलेलं, खालचा भाग ढगात गेलेला, म्हणजे तो जमिनीला टेकलाय की नाही तेही कळेना.

"हाऊ काय डोंगर शे का?" हे पुटपुटले. हा काय डोंगर आहे का?

मुलगी म्हणाली, "पप्पा, हा ज्वालामुखी आहे. आत आग आहे." वर बर्फ आणि आत आग. आणि म्हणे इथूनच विषुववृत्त जातं. शाळेतल्या नकाशात पृथ्वीच्या पोटावरून ती रेघ असायची, मला वाटायचं तिथे नुसतं पोळणारं ऊन असेल. तिथे हा बर्फ! ह्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसतही नव्हते.

दार उघडलं, थंड हवा आत आली. विमानाच्या दारातच एक माणूस चाकाची खुर्ची घेऊन उभा होता, ह्यांच्यासाठी मुलीने सांगून ठेवलेली. ह्यांना त्यात बसवलं, आत एका कोपऱ्यात नेलं आणि यंत्र लावलं. त्र्याऐंशी.

मुलीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. ह्यांनी दोघींकडे बघितलं. पुन्हा लावलं. त्र्याऐंशीच. "अर्धा तास," मुलगी म्हणाली आणि घड्याळ लावून बसली. बाहेर काचेच्या भिंतीपलीकडे पोरगा आलेला होता, फोनवर विचारत होता, किती आहे, किती आहे. त्याने खाली जायच्या विमानाची चौकशीही करून ठेवली होती. त्या काचेपलीकडे पोरगा, आणि त्याच्या घराचं दार न बघताच परत फिरायचं. ह्यांनी एवढंच म्हटलं, "माले काय व्हस नही." मला काही होत नाहीये. पण ते म्हणताना मध्ये दोनदा थांबले.

मला बसवेना. म्हटलं, तेवढ्यात मी बॅगा तरी घेऊन येते. माझी नेहमीची चाल, खांद्याला एक पिशवी, हातात दोन, भराभर निघाले. पन्नास पावलंही गेले नसेन. पायातली ताकदच गेली. छाती वर-खाली व्हायला लागली, पण आत काही जाईना. डोळ्यांपुढे काळं आलं आणि मी होते तिथे फरशीवर बसले. माझं रक्त कायम कमी, गोळ्या आणते आणि डबीत ठेवते, त्याचा हिशेब तिथे झाला. आजूबाजूला बघितलं तर आमच्या विमानातले ते धट्टेकट्टे गोरे, पाठीवर बोचकी घेतलेले, तेही हळूहळू चाललेत, मध्येच थांबताहेत, भिंतीला हात लावताहेत. सगळं विमानतळ ह्यांच्या चालीने चाललं होतं.

हे खुर्चीतून उठून आले. घाई नाही, काही नाही, आपल्या पावलांनी. माझ्या पिशव्या मुलीकडे दिल्या, मला उठवून स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि समोर उभे राहिले.

"बोलू नको," म्हणाले. "बोलण्यात दम जातो. नाकाने घे. आता ओठ आवळून सोड, दिवा विझू नये इतकं हळू. मी मोजतो."

आणि मोजायला लागले. स्वतःही घेत होते, सोडत होते, मला दाखवायला. डॉक्टरांनी हा व्यायाम त्यांना कधीचा शिकवलेला. घरी मी मागे लागले की करायचे नाहीत. तिथे मात्र पाव तासभर केला, माझ्यासाठी. माझ्या डोळ्यांपुढचं काळं गेलं. हात गरम झाले.

घड्याळ वाजलं. मुलीने बापाच्या बोटाला यंत्र लावलं. मी डोळे मिटून घेतले. ती मग एकदम हसायलाच लागली. "मम्मी, सत्त्याऐंशी! उभ्याने सत्त्याऐंशी!" पाच मिनिटांनी पुन्हा लावलं, अठ्ठ्याऐंशी. तिने भावाला फोनवर ओरडून सांगितलं, "घर झाडून ठेव, पप्पा येताहेत!"

मग आमची वरात निघाली. खुर्चीत मी, खुर्चीवाला मागे, आणि बाजूला हात धरून हे चालत. मी खुर्चीवाल्याला हातानेच सांगितलं, हळू. थोडं गेल्यावर मी विचारलं, "अहो, मघाशी मला झालं, तसं तुम्हाला होतं? रोज?"

ह्यांनी थोडा विचार केला. खोटं बोलायचं नसलं की ते असा विचार करतात.

"रोज नही," म्हणाले. "जिना चढताना, बस."

डिंडोलीत आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. सकाळी दूध, मग कोथिंबीर, मग मिरच्या राहिल्या म्हणून पुन्हा, संध्याकाळी पाव. दिवसातून चार वेळा मी ह्यांना खाली पिटाळते आणि हे वर आले की विचारते, एवढा वेळ कुठे लावला?

विमानतळाचं बाहेरचं दार उघडलं. समोर पोरगा उभा होता. मी हमसून हमसून रडत होते, आणि सगळ्यांना वाटलं मी त्याला बघून रडतेय.